बोम्मसंद्राची टाकी आणि अकरावीचा अर्ज: गणित घ्यावे की सोडावे, या प्रश्नाचा इतिहास

बंगळूरच्या 'नम्म मेट्रो'ची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्रापर्यंत सुमारे १९ किलोमीटर, १६ स्थानके. मार्गाच्या दक्षिण टोकाला स्थानकांच्या नावांतच या भागाची अर्थव्यवस्था वाचता येते: इन्फोसिस फाउंडेशन कोनप्पन अग्रहार, बायोकॉन हेब्बगोडी आणि शेवटचे डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स बोम्मसंद्रा. संगणक, जैवतंत्रज्ञान आणि विद्युत उपकरणे यांची नावे काही किलोमीटरच्या अंतरात एकामागून एक येतात. जवळच २००० साली डॉ. देवी शेट्टी यांनी उभारलेले 'नारायण हृदयालय' आहे. दहावी झालेल्या मुलाला अकरावीच्या अर्जावर ज्या दोन वाटा परस्परविरोधी म्हणून दाखवल्या जातात, त्या येथे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना राहतात.

'बायोकॉन'चे उदाहरण घेण्यासारखे आहे. किरण मजुमदार-शॉ यांचे पदवी शिक्षण प्राणिशास्त्राचे. त्यांनी १९७८ मध्ये बंगळूरमध्ये ही कंपनी सुरू केली, तेव्हा पपईपासून मिळणारे पपेन हे विकर तिच्या पहिल्या उत्पादनांपैकी होते. पुढे कंपनी मानवी इन्सुलिनकडे वळली आणि त्यासाठी 'पिकिया' नावाचे यीस्ट वापरले गेले. या यीस्टला पोलादी टाकीत वाढवावे लागते आणि इन्सुलिन तयार करण्याच्या टप्प्यात मिथेनॉल पुरवावे लागते. मिथेनॉल कमी पडले तर पेशी उपाशी राहतात, जास्त झाले तर ते पेशींनाच विषारी ठरते आणि टाकीतील प्राणवायूही झपाट्याने संपतो. पेशींची संख्या स्थिर नसते. जितक्या पेशी अधिक, तितकी वाढ अधिक. म्हणून टाकीत अन्न सोडणाऱ्या पंपाचा वेग एका ठरावीक आकड्यावर ठेवून चालत नाही, तो पेशींच्या वाढीबरोबर वाढवत न्यावा लागतो. किती वाढवायचा, हे एका लहानशा विकलक समीकरणातून निघते. किण्वनाचे सारे तंत्र एवढ्यात येत नाही, पण सुरुवात येथूनच होते.

ते समीकरण बारावीच्या गणितात आहे, आणि गंमत अशी की बारावीच्या जीवशास्त्रातही आहे. एनसीईआरटीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात 'जीव आणि समष्टी' या प्रकरणात समष्टीच्या घातांकी वाढीचे सूत्र कलनशास्त्राच्या, म्हणजे कॅल्क्युलसच्या चिन्हांत छापलेले आहे. ज्याने अकरावीत गणित सोडले, त्याला ते सूत्र पाठ करावे लागते. ज्याने घेतले, त्याला ते दोन ओळींत सोडवता येते. परीक्षेत दोघांनाही सारखेच गुण मिळू शकतात. फरक पडतो तो पुढे, टाकीसमोर उभे राहिल्यावर.

जीवशास्त्राला गणितापासून वेगळे कोणी केले? निसर्गाने तर नक्कीच नाही. ही फारकत शिक्षणव्यवस्थेने केली, आणि तिच्या प्रत्येक टप्प्यामागे त्या त्या काळातील एखादी नोकरी उभी दिसते. बंगळूर तेव्हा म्हैसूर संस्थानात होते, आणि १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत तेथील महाविद्यालये मद्रास विद्यापीठाशी जोडलेली होती. बेळगाव, धारवाड आणि मराठी मुलखाचा मोठा भाग मात्र मुंबई इलाख्यात होता. अकरावीच्या अर्जावरचे गट कसे घडले, हे मराठी वाचकाला मुंबई इलाख्याच्या वाटेने अधिक स्पष्ट दिसते.

मुंबई इलाख्यात आधुनिक गणित मराठीत आले ते मोजणीसाठी. १८१८ मध्ये पेशवाई संपली, आणि नव्या सरकारला जमीन मोजायची होती, नकाशे काढायचे होते, रस्ते बांधायचे होते. त्यासाठी हाताखाली तरबेज माणसे हवी होती. १८२० च्या दशकात जॉर्ज जार्व्हिस या लष्करी अभियंत्याच्या देखरेखीखाली मुंबईत देशी तरुणांना अभियांत्रिकी आणि भूमापन शिकवले जाऊ लागले. इंग्रजी गणितग्रंथांची मराठी आणि गुजराती रूपांतरे त्याच सुमारास झाली. भूमितीला तेव्हा 'कर्तव्य' हे विशेषण लागले. करून दाखवायची भूमिती, असा त्याचा अर्थ. त्या विद्यार्थ्यांपुढे विषय निवडण्याचा प्रश्नच नव्हता. नोकरी ठरलेली होती आणि तिच्या मापाने गणित कापून दिले जात होते. १८५४ मध्ये पुण्यात सुरू झालेला अभियांत्रिकीचा वर्ग याच गरजेतून आला, आणि त्यातूनच पुढे पुण्याचे प्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि गणिताचे काम बदलले. ते आता प्रवेशद्वारावरच्या पहारेकऱ्याचे झाले. मॅट्रिकची परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला, त्याला पुढे वकील व्हायचे असो की संस्कृतचा अध्यापक, गणिताच्या पेपरातून जावेच लागे. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गणिताचे अध्यापक त्या काळी पुण्यातील बुद्धिमान तरुणांचे आदर्श होते. लोकमान्य टिळक हे त्यांचेच विद्यार्थी. गोपाळ कृष्ण गोखले यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवले आणि शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, तेव्हा त्यांचा गौरव एखाद्या विजयी सेनापतीसारखा झाला. पण त्याच काळात गणितात अडकून मॅट्रिकला कायमचे थांबलेल्यांची संख्या कोणी अभिमानाने सांगितली नाही.

ही भिंत सर्वांना एकाच उंचीची असावी का, हा प्रश्न १८८२ च्या हंटर आयोगाने विचारला. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात, एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे आणि दुसरी व्यापार-उद्योगासारख्या व्यवहारी व्यवसायांकडे, अशी शिफारस त्याने केली. दुसरी वाट फारशी चालली नाही. पालकांना विद्यापीठ हवे होते आणि दुसऱ्या वाटेला 'कमी दर्जाची' हा शिक्का पहिल्याच दिवशी बसला. पुढील सव्वाशे वर्षांत गणिताचे सोपे रूप काढण्याचा जो जो प्रयत्न झाला, त्याच्या कपाळी हा शिक्का आलाच.

या इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारे पात्र म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. ते गणिताचे पदवीधर, आणि १८९१ पासून दोन दशकांहून अधिक काळ फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श समोर ठेवून १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. मातृभाषेतून शिक्षण, इंग्रजीचा अभ्यास, आणि त्यांच्या जोडीला गृहव्यवस्था व आरोग्यशास्त्र असा अभ्यासक्रम तेथे आखला गेला. मुंबई विद्यापीठात गणिताचा जो सक्तीचा दरारा होता, तो तेथे उरला नाही. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाने हे केले, याचे आश्चर्य वाटते. पण त्यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. बालविवाहात आणि वैधव्यात अडकलेल्या मुलींना आधी शिक्षणाच्या दारात आणणे हे त्यांच्या दृष्टीने तातडीचे होते, आणि ज्या भिंतीवर मुले आपटत होती तीच भिंत मुलींपुढे उभी करण्यात त्यांना अर्थ दिसला नाही. या निवडीची किंमत मात्र होती. या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळायला स्वातंत्र्यानंतरची वर्षे उजाडावी लागली. भविष्याची कल्पना करून कोणाचे गणित कमी करायचे, हे ठरवताना कल्पनेतले भविष्यच अपुरे असू शकते. १९१६ मध्ये मुलींसाठी कल्पिलेले भविष्य बहुतांशी घराच्या चौकटीतले होते.

महाविद्यालयीन पातळीवर गणित आणि जीवशास्त्र यांच्यातील काटेकोर विभागणी इंटर सायन्सच्या वर्गात झाली. जुन्या पिढीतील लोक अजूनही 'ए ग्रुप' आणि 'बी ग्रुप' असे शब्द वापरतात. ए ग्रुप म्हणजे गणित, पुढे अभियांत्रिकी. बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्र, पुढे वैद्यक. या विभागणीत ज्ञानशास्त्रीय तत्त्व शोधू नये. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज होते, पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालय होते, दोघांना आपापल्या मापाचे विद्यार्थी हवे होते आणि वेळापत्रकात तास मोजकेच होते. दोन व्यवसायांच्या सोयीसाठी घातलेले हे कुंपण पुढे दोन प्रकारच्या बुद्धीमधील कुंपण मानले जाऊ लागले. 'हा गणितातला मुलगा', 'ही बायोलॉजीची मुलगी' ही भाषा तेथून घराघरांत गेली.

हे कुंपण किती कृत्रिम होते, हे मुंबई विद्यापीठाच्या दोन पदवीधरांकडे पाहिले की कळते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुधचे. १९३२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी गणित हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन पदवी घेतली. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांनी १९३३ मध्ये रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र दुय्यम घेऊन पदवी मिळवली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. त्या मुलगी आहेत म्हणून संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रथम नकार दिला. त्या मागे हटल्या नाहीत, तेव्हा काही अटींवर प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध आणि डाळींमधील प्रथिनांवर काम केले, नंतर केंब्रिजला जाऊन डॉक्टरेट मिळवली आणि परतल्यावर नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. सुखात्मे लंडनला जाऊन संख्याशास्त्रज्ञ झाले. एक गणितातून आणि एक रसायनातून निघालेली ही दोन माणसे शेवटी एकाच प्रश्नापाशी पोहोचली: भारतीय माणसाला पुरेसे पोषण मिळते का?

सुखात्मे यांच्या कामाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण पंधराव्या-सोळाव्या वर्षी घेतलेले गणित कोठे जाऊन उपयोगी पडते याचे असे उदाहरण मराठी मुलखात दुसरे सापडणे कठीण आहे. १९४० च्या दशकात ते भारतीय कृषी संशोधन परिषदेत होते. देशात धान्य किती पिकते, याचा विश्वासार्ह अंदाज तेव्हा नव्हता, आणि बंगालच्या दुष्काळानंतर तो अंदाज हा जीवनमरणाचा प्रश्न झाला होता. काही शेते यदृच्छेने निवडायची, त्यांत एक छोटा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून तोलायचे आणि त्यावरून जिल्ह्याचा अंदाज बांधायचा, अशी पद्धत होती. तुकडा केवढा घ्यावा, यावर मतभेद होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. लहान तुकडा कापायला सोपा, खर्च कमी, म्हणून जास्त ठिकाणी कापता येतो. सुखात्मे यांनी दाखवले की फार लहान तुकड्यातून उत्पादनाचा अंदाज पद्धतशीरपणे फुगतो.

कारण अगदी शालेय आहे. तुकड्याच्या कडेवर जी रोपे येतात, ती आत धरायची की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ती आत धरण्याकडे झुकतो. १ मीटर बाजूच्या चौरसाची परिमिती ४ मीटर आणि क्षेत्रफळ १ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरमागे ४ मीटर कड. १० मीटर बाजूच्या चौरसाची परिमिती ४० मीटर आणि क्षेत्रफळ १०० चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरमागे केवळ ०.४ मीटर कड. कडेवरची चूक पहिल्या तुकड्यात दहापट जड होते. आज पीक विम्याच्या भरपाईसाठी गावोगावी जे पीक कापणी प्रयोग होतात, त्यांमागे या वादाचा वारसा आहे. शेतात उभे राहून नुकसानभरपाईची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचा त्या परिमितीशी थेट संबंध येतो.

१९५१ पासून सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात आले आणि आणखी मोठ्या वादात उतरले. १९७१ मध्ये पुण्याच्याच गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा प्रसिद्ध अभ्यास मांडला होता. त्यात दरडोई दररोज २,२५० कॅलरी हा आधार घेतलेला होता. सुखात्मे यांचा आक्षेप साधा आणि टोकदार होता. सरासरी गरज ही सरासरी आहे. निरोगी माणसांतही काहींची गरज तिच्याहून कमी आणि काहींची जास्त असते, आणि एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. सरासरीखाली येणाऱ्या प्रत्येकाला उपाशी ठरवले, तर पोटभर खाणाऱ्या निरोगी लोकसंख्येतील सुमारे निम्मे लोकही कुपोषित ठरतील. म्हणून सीमारेषा सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांइतकी खाली ठेवावी, असे त्यांनी सुचवले. टीकाकारांनी उलट विचारले की, ही रेषा खाली आणली तर उपाशी माणसांना कागदावरच जेवू घातल्यासारखे होणार नाही का? कमी खाऊन तग धरणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि त्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे वजनदार होते.

येथे महत्त्वाचे हे की, देशातील कोट्यवधी माणसे गरीब मोजायची की नाही, हा राजकीय प्रश्न 'प्रमाण विचलन' या संकल्पनेवर येऊन ठेपला होता. महाराष्ट्रात ही संकल्पना अकरावीच्या 'गणित आणि संख्याशास्त्र' या विषयात येते. दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक आणि बहुलक इथपर्यंतच मजल असते. अकरावीत गणित सोडून पुढे आहारशास्त्र, सार्वजनिक आरोग्य किंवा वैद्यक शिकणाऱ्याला ती संकल्पना नंतर, घाईघाईने, बहुधा संगणकप्रणालीतील एका बटणाच्या रूपात भेटते.

जीवशास्त्रज्ञांना गणिताअभावी अडल्याचा अनुभव बाहेरच्या जगातही आला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मेंडेलचे नियम नव्याने प्रकाशात आले, तेव्हा प्रभावी गुणधर्म काळाच्या ओघात सगळीकडे पसरणारच, नाही का, अशी शंका इंग्लंडमध्ये निघाली. केंब्रिजचे रेजिनाल्ड पनेट यांनी ती आपले स्नेही, गणिती जी. एच. हार्डी यांच्यापुढे ठेवली. हार्डींनी १९०८ मध्ये छोटेसे टिपण लिहून ती मिटवली. त्याच वर्षी जर्मनीतील डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवले. वापरलेले गणित (अ + ब)² = अ² + २अब + ब² याच्या फार पलीकडचे नव्हते. आठवी-नववीतले सूत्र आहे ते. एवढ्या साध्या गोष्टीसाठी लेखणी उचलावी लागली, याचा हार्डींना थोडा संकोचच वाटला होता. आज ते टिपण त्यांच्या सर्वाधिक परिचित कामांपैकी एक आहे.

स्वातंत्र्यानंतर कुंपणाची जागा दोनदा हलली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली आणि विद्यार्थ्याने माध्यमिक शाळेतच सात गटांपैकी एक निवडावा असे सुचवले. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललितकला आणि गृहविज्ञान असे ते गट. १९६४-६६ च्या आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या आयोगाने दिशा फिरवली: पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण, त्यात गणित आणि विज्ञान सक्तीचे, आणि विशेष निवड त्यानंतरच. १०+२+३ ही रचना तेथून आली. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि बारावीची १९७७ मध्ये. म्हणजे आजचे आजी-आजोबा त्या पहिल्या तुकड्यांतले आहेत. फाटा पुढे ढकलला गेला हे चांगले झाले, पण फाट्यावर पोहोचताच दोन्ही रस्ते पूर्वीइतकेच एकमेकांपासून दूर गेले. कालांतराने प्रवेश परीक्षांनी त्यांना पक्के कठडे बांधले. 'नीट'मध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे मिळून १८० प्रश्न असतात, त्यांत गणिताचा स्वतंत्र विभाग नाही. राज्याच्या सीईटीत पीसीएम आणि पीसीबी हे दोन वेगळे गट आहेत. वाणिज्य शाखेत हाच प्रश्न 'मॅथ्स की एसपी' या रूपात विचारला जातो, आणि सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घेणाऱ्या कित्येकांना पदवीनंतर अर्थशास्त्र किंवा डेटाशी संबंधित अभ्यासक्रमाच्या दारात पहिल्यांदा कळते की ते दार दोन वर्षांच्या गणिताशिवाय उघडत नाही.

महाराष्ट्राने दहावीपूर्वीही एक फाटा काढून पाहिला. बीजगणित आणि भूमिती झेपत नाही अशांसाठी नववी-दहावीत 'सामान्य गणित' हा पर्याय काही वर्षे उपलब्ध होता. त्याने अनेकांना दहावी पार करवली. पण तो घेतल्यावर विज्ञान शाखेची वाट बंद होते, हे नववीतल्या मुलाला कोण समजावून सांगणार होते? जून २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही, अध्ययन अक्षमतेसंबंधीच्या एका प्रकरणात, दहावीला गणित ऐच्छिक करता येईल का असे मंडळाला विचारले. त्याच सुमारास अभ्यासक्रम बदलला, सामान्य गणित गेले, आणि सर्वांसाठी गणिताचे भाग १ व भाग २ आले. नव्या पुस्तकांच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्या स्वतः संशोधक गणिती होत्या आणि गणिताची धास्ती घेतलेल्या मुलांसाठी 'गणिताच्या सोप्या वाटा' हे पुस्तकही त्यांनी लिहिले होते. विषय सोपा करून सांगावा, पण मुलाचा विषय काढून घेऊ नये, ही भूमिका त्यांच्या लेखनातून दिसते. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना मात्र खालच्या इयत्तेच्या पातळीचे अंकगणित घेण्याची सवलत आहे, आणि ती असायलाच हवी. ज्या मुलाला अंकच नीट दिसत नाहीत, त्याला भिंतीवर आपटवण्यात कोणतेही शहाणपण नाही.

सीबीएसईने नेमके याच काळात उलट पाऊल टाकले. मार्च २०२० च्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताचे 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन स्तर आले. वर्गात अभ्यासक्रम एकच, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. बेसिक घेतल्यास अकरावीच्या मुख्य गणिताची वाट अडते, असा मूळ नियम होता. करोनाच्या वर्षांत तो शिथिल करण्यात आला. २०२०-२१ पासून अकरावीत 'अप्लाइड मॅथेमॅटिक्स' हा तिसरा पर्यायही मिळाला. यात सांख्यिकी आणि व्याज-हप्त्यांचे गणित अधिक, आणि वाणिज्य किंवा समाजशास्त्रांकडे जाणाऱ्यांना तो उपयुक्त आहे. महाराष्ट्राच्या २०२४ च्या शालेय आराखड्यात तर गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवरही पुढे जाऊ द्यावे, पण पुढे हे विषय घेता येणार नाहीत अशी नोंद करावी, अशी सूचना आली आणि तिच्यावर बरीच चर्चा झाली. हंटर आयोगाची दुसरी वाट अशी अधूनमधून परत येते.

मार्च २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी १४ विषयांपैकी कोणतेही तीन पुरेत असे जाहीर केले. बारावीचे गणित अभियंत्याला ऐच्छिक, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि गदारोळ उडाला. तत्कालीन अध्यक्ष अनिल सहस्रबुद्धे, जे पूर्वी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे संचालक होते, यांनी खुलासा केला की स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीसाठी गणित लागणारच. वस्त्रोद्योग, कृषी अभियांत्रिकी, जैवतंत्रज्ञान अशा शाखांत इतर वाटांनी येणाऱ्यांना पूरक वर्ग देऊन सामावून घ्यावे, एवढाच हेतू होता. पुढच्या वर्षी बहुतेक शाखांसाठी जुनी अट परत आली. उलट बाजूने नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने गणित गटातून बारावी झालेल्यांना जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून नंतर उत्तीर्ण करून 'नीट' देण्याची मुभा दिली.

या दोन घटनांतला असमतोल सहज निसटून जातो. गणितातून जीवशास्त्राकडे नंतर जाता येते. नियमांनीही आता ते मान्य केले आहे आणि सुखात्मे त्याचे जुने उदाहरण आहेत. जीवशास्त्रातून गणिताकडे नंतर जाणे फार अवघड, कारण गणितात मधली पायरी गाळून वरची गाठता येत नाही. विकलन आल्याशिवाय संकलन नाही, संकलनाशिवाय संभाव्यतेचे वितरण नाही, आणि त्याशिवाय औषधाच्या चाचणीचा निष्कर्ष स्वतः तपासता येत नाही. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेने २०११ मध्ये पदवीचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा जीवशास्त्र हा मुख्य विषय घेणाऱ्यांनाही बारावीचे गणित आवश्यक ठेवले, आणि पहिल्या सत्रांत सर्वांना गणित शिकवले जाते. पुण्याच्या आयसरमध्येही आरंभीच्या अभ्यासक्रमात गणित सर्वांच्या वाट्याला येते. डॉक्टर होण्यासाठी असलेला नियम आणि जीवशास्त्रज्ञ होण्यासाठी असलेला नियम असे दोन भिन्न दिशांना गेले आहेत. अकरावीचा अर्ज भरणाऱ्या घरात मात्र दोन्ही स्वप्नांना 'बायोलॉजी' हे एकच नाव असते.

कर्नाटकातील पीयूसीमध्ये पीसीएमबी हा गट लोकप्रिय आहे. चारही विषय एकत्र, ओझे मोठे, पण निर्णय दोन वर्षे पुढे ढकलला जातो. महाराष्ट्रातही कनिष्ठ महाविद्यालयात गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात, आणि अनेकजण घेतात. तरीही शिकवणीवर्गांचे वेळापत्रक पीसीएम किंवा पीसीबी असेच विभागलेले असल्याने चौथा विषय बहुधा पहिल्याच सहामाहीत गळतो.

बालभारतीच्या बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात विकलक समीकरणांच्या प्रकरणात एक उदाहरण आहे. जिवाणूंची वाढ त्यांच्या संख्येच्या प्रमाणात होते, ४ तासांत संख्या दुप्पट होते, तर १२ तासांत किती पट होईल? उत्तर ८ पट. बोम्मसंद्राच्या टाकीत पंपाचा वेग ठरवताना हाच हिशेब थोड्या मोठ्या आकड्यांनी करतात. हे उदाहरण पीसीएमच्या विद्यार्थ्याच्या पुस्तकात आहे. ज्याला पुढे जिवाणूंबरोबर काम करायचे आहे, त्या पीसीबीच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात ते पुस्तक नसते.